राजदूतच्या इंजिनावरचे थर : मीठ, रंग आणि ठिपक्यांचे एक नाव

१/
क्लच कव्हरावरचा चंदेरी रंग निघाला. त्याखालचा निळा निघाला, मग काळा. सर्वांत खाली उघड्या धातूवर बारीक ठिपक्यांची एक ओळ दिसली. पितळी हंड्यावर किंवा परातीवर नाव घालतात ना, अगदी तशी. आजोबांच्या नावाचे आद्याक्षर, आडनाव, ‘तेल्हारा’ आणि ‘१९७३’. वडिलांना ही ओळ ठाऊक नव्हती. आजीला मात्र आठवत होती. ती म्हणाली, “दोन्ही आंगानं नाव टाकलं होतं तुह्या आबानं.”

दुसऱ्या अंगाचे, म्हणजे मॅग्नेटच्या बाजूचे कव्हर मी चार दिवसांपूर्वीच नासवले होते.

२/
मित्रहो, या धाग्यात किल्ले, लढाया, तहनामे नाहीत. अकोला जिल्ह्यातील तेल्हारा या गावी आमच्या पडवीत उभी असलेली एक जुनी राजदूत, तिच्या इंजिनाची बाहेरची कव्हरे आणि त्यांना पुन्हा रंग देताना समोर आलेला वऱ्हाडचा थोडा इतिहास, एवढाच विषय आहे. इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात ‘साधने’ हा शब्द रोज कानावर पडतो. कागदपत्रे, नाणी, ताम्रपट, शिलालेख. दुचाकीचे इंजिन या यादीत कोणी धरत नाही. मीही धरले नव्हते, म्हणून तर पहिली चूक झाली.

३/
आधी गाडीची ओळख. राजदूत १७५ ही एस्कॉर्ट्स कंपनीची दोन-स्ट्रोक इंजिनाची गाडी. तिचे मूळ घराणे पोलंडचे. कील्त्से शहरात बनणाऱ्या ‘एसएचएल एम ११’ या मोटारसायकलीच्या आराखड्यावरून, परवाना घेऊन, १९६० च्या दशकाच्या आरंभी ती आपल्याकडे बनू लागली. पोलंड आणि महाराष्ट्र म्हटले की आपल्याला दुसऱ्या महायुद्धातील वळिवड्याची छावणी आठवते. कोल्हापूरजवळ १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. पण त्यानंतर वीस वर्षांनी एक पोलिश इंजिन वऱ्हाडातील कपाशीच्या धुऱ्यापर्यंत पोहोचले, ही गोष्ट कोठे लिहिलेली सापडत नाही.

४/
शहरी पिढीला राजदूत आठवते ती १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटातल्या छोट्या जीटीएसमुळे. खेड्यात मात्र १७५ चालली. मागे दुधाच्या कॅन, पुढे टाकीवर लहान मूल, मधे सरकीची पिशवी. तेल्हारा शहराला रेल्वे नाही. अकोट, हिवरखेड, वान रोडवरून खांडव्याकडे जाणारा मीटरगेज मार्ग होता, पण तो शहराला टाळून जात असे. बाजार, जिनिंग, तहसील, दवाखाना सगळे रस्त्यावर अवलंबून. अशा गावात १९७३ साली घरी आलेली मोटारसायकल म्हणजे घरातला एक कर्ता माणूसच.

५/
आणि ती सहज येत नसे. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने कोणत्या कारखान्याने किती माल काढायचा हे सरकार ठरवी. दुचाकी हव्या असणारे फार, बनणाऱ्या थोड्या. नावनोंदणी करून वाट पाहायची. १९८० च्या दशकाच्या मध्यावर जपानी तंत्राच्या १०० सीसी गाड्या येईपर्यंत ही परिस्थिती टिकली. त्यामुळे एकदा आलेली गाडी कोणी टाकून देत नसे. ती दुरुस्त होई, जोडली जाई आणि दर काही वर्षांनी रंगवली जाई. आमच्या इंजिनावरचे तीन थर या टंचाईचेच अपत्य आहेत.

६/
आता धातूकडे वळू. ही कव्हरे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली. आपल्या आज्या या धातूला ॲल्युमिनियम म्हणत नाहीत, ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ म्हणतात. जर्मनचे पातेले, जर्मलचा डबा. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या ‘जर्मन सिल्व्हर’ नावाच्या पांढऱ्या मिश्रधातूचे नाव नव्या स्वस्त पांढऱ्या धातूला चिकटले. गंमत अशी की जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते आणि जर्मलच्या पातेल्यात जर्मनीचे काही नसते.

७/
हा धातू एके काळी दुर्मीळ होता. १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर ॲल्युमिनियमचे टोक बसवले, तेव्हा ते मिरवण्याजोगे मोलाचे होते. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघांनी स्वतंत्रपणे विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढण्याची रीत शोधली आणि भाव कोसळला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडवण्याचे काम सुरू केले. भारतीय भूमीवर हा धातू प्रथम तयार झाला तो १९४३ साली, केरळातील अलुपुरम येथे. मराठी मुलखाचाही यात वाटा आहे. राधानगरी आणि चंदगडच्या डोंगरातला बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जात असे. हा बेळगावचा कारखाना लक्षात ठेवा, पुढे माझ्या फजितीत तो पुन्हा येणार आहे.

८/
ॲल्युमिनियम गंजत नाही, असे आपण शाळेत शिकतो. ते अर्धे खरे आहे. हवेत येताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो आणि तोच धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज सुटून पडतो आणि खालचे लोखंड उघडे पाडतो. हा पापुद्रा मात्र घट्ट बसतो. पण त्याला एक वैरी आहे, क्लोराइड. साध्या भाषेत मीठ. मिठाचे पाणी पापुद्र्याला जागोजागी भोक पाडते. त्या भोकातून धातू पोखरला जातो आणि वर पांढरी भुकटी साचते. रंग असेल तर भुकटी त्याला खालून उचलते, फुगा येतो, रंग सालीसारखा निघतो.

आमच्या राजदूतच्या कव्हरांवर नेमके हेच झाले होते. समुद्र तिथून कितीतरी दूर. मग मीठ आले कोठून?

९/
वऱ्हाडातल्या वाचकांना उत्तर माहीत आहे. खारपाणपट्टा.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा प्रदेश असा आहे की जिथे जमिनीखालचे पाणी खारे आहे. तेल्हारा तालुका या पट्ट्याच्या कडेवर पसरला आहे. उत्तरेला सातपुड्याचा पायथा, गोडे पाणी, बागायत. दक्षिणेला पूर्णेकडे उतरत गेले की विहिरीच्या पाण्याची चव बदलते, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आजोबांचे शेत दक्षिणेला होते. गाडी धुतली जाई ती शेतातल्या विहिरीवर.

१०/
याच खाऱ्या पाण्याला इतिहासात मोठा मान आहे. पूर्णाकाठी खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढले जात असे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि पुढे मिठाच्या सरकारी मक्तेदारीखाली हा गावठी उद्योग संपला. मिठाची चोरटी वाहतूक रोखण्यासाठी इंग्रजांनी सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची एक अजस्र सीमा उभारली होती. कित्येक ठिकाणी ती काटेरी कुंपणाची होती. ती वऱ्हाडच्या वेशीजवळून, बुऱ्हाणपूरच्या बाजूने जात असे. १८७९ मध्ये ती सीमा मोडली, कर मात्र राहिला.

११/
१९३० साली गांधीजी दांडीला निघाले, तेव्हा वऱ्हाडपुढे प्रश्न होता की समुद्र नाही तर मीठ कसले करायचे. उत्तर विहिरीत होते. अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे सत्याग्रहींनी खाऱ्या विहिरीचे पाणी उकळून मीठ केले आणि कायदा मोडला. समुद्राचे तोंडही न पाहिलेल्या माणसांनी मिठाचा कायदा मोडावा, हे मला दांडीइतकेच विलक्षण वाटते. पाठ्यपुस्तकात त्याला एखादी ओळ मिळाली तर नशीब.

दहीहांड्याच्या कढईत जे उरले, तेच आमच्या क्लच कव्हरावर चार दशके साचत गेले. एकाच पाण्याचे दोन अवशेष.

१२/
त्यात काळ्या मातीची भर. पावसाळ्यात वऱ्हाडची माती चाकाला, मडगार्डला, इंजिनाच्या पंख्यांना अशी लिंपून बसते की खरवडूनच काढावी लागते. इंजिन तापले की ती भाजून घट्ट होते. आत ओल आणि मीठ अडकून राहते. जिथे पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमच्या कव्हरात बसतो, तिथे तर दुहेरी मार. दोन भिन्न धातू आणि मधे खारी ओल म्हटल्यावर छोटीशी विद्युतघटमालाच तयार होते, आणि तीत झिजते ते ॲल्युमिनियम. म्हणून खारपाणपट्ट्यातल्या जुन्या गाडीचा एकही कव्हर-स्क्रू सरळ निघत नाही. आमच्या अकरा स्क्रूंपैकी चार छिन्नीने काढावे लागले.

१३/
आता रंगांचे थर. उत्खननात जसे वरून खाली काळ मागे जातो, तसेच येथेही.

सर्वांत वरचा चंदेरी थर वडिलांचा. बाजारातला साधा सिल्व्हर पेंट, ब्रशने मारलेला, ब्रशचे केस त्यात अजून अडकलेले. त्याखालचा निळा थर पाहून वडील हसले. तो पोळ्याचा. बैलांची शिंगे रंगवून डब्यात उरलेला रंग वाया कशाला घालवायचा म्हणून आजोबांनी तो इंजिनाला लावला होता. बैल आणि मोटारसायकल एकाच डब्यातून रंगवली गेली, हा वऱ्हाडच्या शेतीतील एका विशिष्ट टप्प्याचा पुरावा आहे. पुढे बैल गेले, निळा थरही झाकला गेला. त्याखालचा काळा कोणी, कधी लावला हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

१४/
काळ्या रंगाबद्दल थोडे. काळे इंजिन लवकर थंड होते, ही समजूत गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येते. तीत तथ्य आहे, पण थोडे. चकचकीत ॲल्युमिनियम उष्णतेचे उत्सर्जन फार कमी करते, काळा पृष्ठभाग पुष्कळ करतो, हे भौतिकशास्त्र खरे. पण धावत्या गाडीचे इंजिन मुख्यतः अंगावरून जाणाऱ्या वाऱ्याने थंड होते, आणि जाड रंग उलट पांघरुणासारखा काम करतो. ब्रिटिश ‘व्हिन्सेंट ब्लॅक शॅडो’ने १९४८ मध्ये पूर्ण काळे इंजिन मिरवले तेव्हा गंजरोधक प्रक्रियेवर भट्टीत भाजलेला पातळ मुलामा दिलेला होता. आपल्याकडे काळा म्हणजे लोखंडी गेटासाठी आणलेला ऑइल पेंट. त्याने थंडावा येत नाही, फक्त तेलाची गळती दिसेनाशी होते.

१५/
आता माझी चूक. दिवाळीच्या सुटीत मी घरी आलो आणि एका व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे मॅग्नेट कव्हर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात रात्रभर बुडवून ठेवले. रंग निघेल, धातू उजळेल अशी अपेक्षा. सकाळी बादलीत काळा पडलेला, कडा खाल्लेला, खडबडीत तुकडा होता.

कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला विरघळवतो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. बंद खोलीत ते धोक्याचेही आहे. धातू जातो आणि मिश्रणातले सिलिकॉन, तांबे काजळीसारखे मागे राहतात. बेळगावच्या कारखान्यात बॉक्साइटमधला ॲल्युमिना वेगळा काढायला हेच रसायन वापरतात. कारखाना खडकातून धातूकडे जातो, मी धातूकडून गाळाकडे गेलो. त्या कव्हरावर आजोबांनी काय लिहून घेतले होते, ते आता कळायचे नाही. आजीला वाचता येत नाही. नाव टाकलेले तिला आठवते, अक्षरे नाहीत.

१६/
ही चूक करणारा मी पहिला नाही, एवढाच दिलासा. अजिंठ्याचे उदाहरण घ्या. १९२० नंतरच्या एक-दोन वर्षांत निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना चित्रांच्या जतनासाठी बोलावले. त्यांनी सुटणारे गिलावे घट्ट केले, ते काम मोलाचे होते. पण चित्रांवर लाखेचा रोगणही चढवला. त्या वेळी रंग खुलले, पाहणारे खूश झाले. वर्षे गेली तशी लाख पिवळी, तपकिरी पडली, धूळ धरू लागली आणि तिच्याखाली मूळ छटा बुजल्या. पुरातत्त्व विभागाच्या रसायनतज्ज्ञांना ती लाख पुढे कित्येक वर्षे हळूहळू काढावी लागली. तज्ज्ञांच्या हातून, उत्तम हेतूने, अजिंठ्यात हे होऊ शकते तर पडवीतल्या बादलीत काय होणार नाही?

१७/
उलट दिशेचे उदाहरण सप्तशृंगगडाचे. वणीच्या देवीच्या मूर्तीवर पिढ्यान् पिढ्या शेंदराचे लेपन होत आले. २०२२ मध्ये संवर्धनासाठी ते कवच उतरवले तेव्हा हजार किलोहून अधिक शेंदूर निघाला आणि आतले मूळ रूप दिसले. तिथे थराने मूर्तीला झाकले, तसे वाऱ्यापावसापासून राखलेही. आमच्या क्लच कव्हरावर हेच घडले होते. ठिपक्यांच्या अक्षरांवर काळा रंग फार लवकर बसला असावा, कारण त्या पट्ट्यात मिठाचा एकही खड्डा नाही. बाजूचा धातू मात्र देवीच्या व्रणांसारखा खाचखळग्यांनी भरलेला आहे. ज्या गेटाच्या ऑइल पेंटला मी वर नावे ठेवली, त्यानेच आजोबांचे नाव वाचवले. हे कबूल करायला हवे.

१८/
म्हणून दुसऱ्या कव्हराला हात लावण्यापूर्वी गावातल्या मिस्तरींना विचारले. सत्तरी गाठलेला माणूस, राजदूत डोळे मिटून उघडणारा. त्यांनी कव्हराकडे पाहिलेच नाही. क्रँक केसवर ठोकलेल्या इंजिन नंबराकडे बोट केले आणि म्हणाले, “हे घासू नको बाप्पा. नंबर गेला तं गाडी गेली समज.”

कायद्याच्या दृष्टीने ते शब्दशः खरे आहे. आरसी बुकात इंजिन नंबर आणि चेसिस नंबर नोंदलेले असतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्या वेळी नंबर जुळवून पाहतात. सॅण्ड ब्लास्टिंगमध्ये किंवा बफिंगच्या चाकाखाली अंक पुसट झाले तर गाडी डोळ्यांसमोर उभी असूनही कागदावर परकी होते.

१९/
नंबर कसा घेतात पाहिले आहे का? अंकांवर कागद किंवा चिकटपट्टी ठेवायची आणि पेन्सिल घासायची. उंचसखल उमटते. हे बघताना मला आमच्या वर्गातला अभिलेखांचा तास आठवला. शिलालेखावर ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकून अक्षरांच्या खोबणीत घालायचा, वरून शाई फिरवायची. यालाही ‘ठसा’च म्हणतात. तेल्हाऱ्याहून अकोटमार्गे नरनाळ्याला गेलात तर महाकाली दरवाजा पाहा. १४८७ सालच्या त्या दरवाज्यावरची अक्षरे आज वाचता येतात ती कोणी त्यांना ‘ताजेतवाने’ केले नाही म्हणून. मी क्लच कव्हरावरच्या ठिपक्यांचाही असाच पेन्सिलीचा ठसा घेतला, शेजारी मोजपट्टी ठेवून तिरप्या उजेडात फोटो काढले, मगच पुढचे काम.

२०/
प्रत्यक्ष काम अनेकांना हवे असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. कव्हर काढण्यापूर्वी स्क्रूंना दोन दिवस तेल पाजावे. ॲल्युमिनियमवर लोखंडी तारेचा ब्रश नको, पितळी तारेचा किंवा जुना टूथब्रश बरा. आधी रॉकेल किंवा डिझेलने तेलकटपणा काढायचा, मग साबणाच्या पाण्याने. आणि येथे खारपाणपट्ट्यातली खरी मेख आहे. शेवटचे धुणे विहिरीच्या पाण्याने केले तर सगळे मुसळ केरात. आम्ही नळाचे, म्हणजे वान धरणाचे पाणी वापरले. सातपुड्यातल्या वान नदीवर वारी-भैरवगडजवळ बांधलेल्या या धरणाचे गोडे पाणी आज खारपाणपट्ट्यातल्या गावांपर्यंत जाते. आजोबांना ते मिळाले असते तर कव्हरे बरी राहिली असती. त्यांना प्यायलाच पुरत नव्हते, गाडीचे काय घेऊन बसलात.

२१/
रंग काढायला कॉस्टिक नसलेला पेंट रिमूव्हर, लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी आणि भरपूर सबुरी. खड्ड्यातली पांढरी भुकटी पूर्ण निघाली पाहिजे, नाहीतर नव्या रंगाखाली तोच खेळ पुन्हा. ४०० आणि मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरने हलका हात. खड्डे लांबी भरून सपाट करावेत असे सगळे सुचवत होते. मी केले नाही. साधी लांबी उष्णतेने सुटते हे एक कारण. दुसरे कारण असे की हे खड्डे म्हणजे पूर्णाकाठच्या पाण्याची सही आहे, ती मी कशाला पुसू?

२२/
ॲल्युमिनियमवर रंग थेट टिकत नाही, तो पापुद्रा त्याला धरू देत नाही. म्हणून धातूवर किंचित आम्ल चढवून पकड देणारा वॉश प्रायमर लागतो, तोही अगदी पातळ. काही प्रायमरमध्ये क्रोमेट असतात, ते विषारी आहेत. तोंडाला चांगला मास्क हवा, नुसता रुमाल चालणार नाही. त्यावर उष्णतारोधक ॲल्युमिनियम रंगाचे तीन विरळ हात. पॅकिंग बसते त्या कडांवर रंगाचा थेंबही जाऊ देऊ नये, तेल गळते. त्या कडा आणि नंबराची जागा मी मास्किंग टेपने झाकली. क्लच कव्हरावर ठिपक्यांच्या ओळीभोवती बोटभर रुंदीची पट्टीही झाकली.

२३/
त्या उघड्या पट्टीचे काय करावे, यावर दोन रात्री गेल्या. संग्रहालयांत धातूवर ‘पॅरालॉइड बी-७२’ नावाच्या राळेचा लेप देतात. त्याचा मोठा गुण असा की ॲसिटोनने तो पुन्हा काढता येतो. जे केले ते पुढच्या माणसाला उलटवता यावे, हे संवर्धनशास्त्राचे जुने सूत्र. पण ही राळ चाळीस अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. चालत्या इंजिनाचे कव्हर त्याच्या कितीतरी वर तापते, आणि वऱ्हाडातला मे महिना तर इंजिन न चालवताही चाळीस ओलांडतो. मेणाचीही तीच गत. शेवटी काहीच लावले नाही. आठवड्यातून एकदा तेलाच्या फडक्याने पुसायचे, एवढेच ठरले. ते काम आजीने स्वतःकडे घेतले आहे.

२४/
एक प्रश्न हमखास येईल, म्हणून आधीच सांगतो. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मग तीन रंग उतरवून चौथा दिल्यावर गाडी ‘मूळ’ राहिली का? कारखान्यातून आली तेव्हा तिच्यावर निळा नव्हता, ठिपक्यांचे नावही नव्हते. मूळ स्वरूप हेच ध्येय धरले तर मला आजोबांचे नावही घासून टाकावे लागेल. ते होणार नाही. नोंदणी मिळो न मिळो. वडिलांचे मत वेगळे आहे. त्यांना गाडी शोरूममधून आल्यासारखी हवी होती, आणि ती ज्यांच्या खिशातून पेट्रोल भरले जाते त्यांची आहे हेही खरे. आतल्या बाजूच्या एका कोपऱ्यात निळ्या रंगाचा रुपयाएवढा तुकडा ठेवायला त्यांनी संमती दिली, यावर आमचा तह झाला.

२५/
मॅग्नेट कव्हर अकोल्याच्या भंगार बाजारातून दुसरे आणले. नासलेले कव्हर मी फेकलेले नाही. कापडात गुंडाळून आरसी बुकाबरोबर ठेवले आहे, सोबत एका कागदावर ते कधी आणि कशाने खराब झाले याची नोंद, माझ्या सहीसह.

आता एक विनंती. वऱ्हाडात, खानदेशात, मराठवाड्यात जुन्या गाड्यांच्या कव्हरांवर भांड्यांसारखी ठिपक्यांची नावे घालण्याची पद्धत आणखी कोठे होती का, हे मला शोधायचे आहे. घरात राजदूत, येझदी, बुलेट असेल तर रंग न उतरवता, तिरप्या उजेडात, कव्हरांचे फोटो काढून पाहा. रंगाखालीही ठिपक्यांचे उंचवटे जाणवतात. सापडले तर आडनाव झाकून, गाव आणि साल तेवढे कळवा.